तुकड्यांचें चित्र

चित्राचे तुकडे करून ते पुन्हां जुळवीत बसण्याचा जो खेळ इंग्रजींत जिगसॉ या नांवानें ओळखला जातो, त्याविषयीं वाङ्मयाच्या मासिकांत लिहावयाचें म्हणजे कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडणारच. ‘हा विषय मुलांच्या पानावर शोभला असता,’ असें आमच्या एका विद्वान मित्रांनीं हा लेख वाचण्यापूर्वींच म्हणून टाकलें. त्यांना आम्हीं एवढेंच उत्तर दिलें कीं, ज्या खेळावर एका फ्रेंच कादंबरीकारानें आपली सर्वांत मोठी कादंबरी उभी केली आणि एका नामवंत इंग्रज लेखिकेनें सत्तरीच्या उंबरठ्यावर एक सबंध पुस्तक लिहिलें, त्याची दखल घेतल्यानें टीकाकार पायरीवरून खालीं घसरत नाहीं. झॉर्झ पेरेक यांची ती कादंबरी १९७८ सालीं पॅरिसमध्यें प्रसिद्ध झाली. मार्गारेट ड्रॅबल यांचें ‘द पॅटर्न इन द कार्पेट’ हें पुस्तक २००९ सालचें आहे. हीं दोन्ही पुस्तकें आम्हीं पूर्वीं निरनिराळ्या वेळीं वाचलीं होतीं. गेल्या हिंवाळ्यांत तीं एकापाठोपाठ पुन्हां वाचण्याचा योग आला, आणि तोही अशा एका टेबलाशेजारीं, ज्यावर हजार तुकड्यांचें एक चित्र अर्धवट पसरलेलें होतें. पुढें जें मत आम्ही मांडणार आहों तें त्या टेबलानें पुष्कळसें घडविलें आहे, हें आधींच कबूल केलेलें बरें.

आमचे वडील बंधु त्याच्या आदल्या पावसाळ्यांत वारले. त्यांचा मुलगा उत्तर इंग्लंडांत नोकरीस आहे. त्यानें आईला थंडीचे तीन महिने आपल्याकडे नेलें, आणि वहिनींस सोबत म्हणून आम्हीही गेलों. डिसेंबरच्या अखेरीस तिकडे दुपारचे पावणेचार वाजले कीं सूर्य मावळतो, आणि सकाळीं आठ वाजून गेले तरी धड उजाडत नाहीं. खिडकीबाहेर ज्याला पाऊसही म्हणतां येत नाहीं आणि बर्फही म्हणवत नाहीं असें कांहींतरी पडत असतें. आपल्याकडे माणसांना घरांत कोंडणारा ऋतु म्हणजे पावसाळा. त्यासाठीं आपण पत्ते, सोंगट्या आणि कांद्याचीं भजीं अशी तरतूद करून ठेवलेली आहे. तिकडील मंडळींनीं आपल्या त्या न सरणाऱ्या संध्याकाळांसाठीं ज्या सोयी केल्या आहेत त्यांत जिगसॉचा मान मोठा. नाताळच्या सुमारास तो टेबलावर मांडावयाचा आणि नवें वर्ष उजाडून गेलें तरी तसाच राहूं द्यावयाचा, ही कित्येक घरांतील चाल आहे. पुतण्याच्या घरीं तो जेवणाच्याच टेबलावर मांडला गेला. परिणामीं जवळजवळ तीन आठवडे आम्ही सारेजण ताटें मांडीवर घेऊन जेवलों. त्याबद्दल सूनबाईंनीं एकदांही तक्रार केली नाहीं, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

या खेळाचा जन्म मात्र करमणुकीसाठीं झालेला नाहीं. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी नांवाच्या एका नकाशे कोरणाऱ्यानें १७६० नंतरच्या दशकांत आपले नकाशे महॉगनीच्या पातळ फळीवर चिकटवून देशोदेशींच्या सीमारेषांवरून करवतीनें कापले, आणि मुलांनीं ते जुळवितां जुळवितां भूगोल शिकावा म्हणून विकावयास ठेवले. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांच्या संगोपनाची व्यवस्था पाहणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांनींही राजपुत्रांना असेच नकाशे हातीं दिले. ते ठेवण्याचें कपाट अद्याप जतन करून ठेवलेलें आहे. वाङ्मयांत या नकाशाची जी भेट आमच्या विशेष लक्षांत राहिली ती जेन ऑस्टिन यांच्या १८१४ सालच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या कादंबरींतील. दहा वर्षांची फॅनी ही गरीब घरची मुलगी मावशीच्या श्रीमंत घरीं राहावयास येते, आणि हिला युरोपचा नकाशा जुळवितां येत नाहीं म्हणून तिच्या मावसबहिणी तोंडांत बोट घालतात. लांकडी नकाशा ही पैसेवाल्यांच्या घरची वस्तु. ज्या घरांत ती कधीं आलीच नाहीं त्या घरच्या मुलीला तिचा सराव कोठून असणार? दारिद्र्य आणि मूर्खपणा यांतील भेद न कळणाऱ्या मुलींचें चित्र ऑस्टिनबाईंनीं त्या एका प्रसंगांत उभें केलें आहे. आणि हा खेळ माणसांना एका टेबलाशीं आणतो तसा तो एकाद्या पोरीला टेबलापासून दूरही ठेवूं शकतो, हेंही तेथें सहज सांगून टाकलें आहे.

पुढें लांकडाची जागा पुठ्ठ्यानें घेतली. पोलादी पात्यांचा सांचा दाबला कीं एका दणक्यांत सबंध चित्राचे तुकडे पडूं लागले, आणि हा खेळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून बाहेर आला. १९३२-३३ च्या हिंवाळ्यांत अमेरिकेंत मंदीनें कळस गांठला होता. त्या हिंवाळ्यांत दर आठवड्यास एक नवें कोडें पंचवीस सेंटांस वर्तमानपत्रांच्या दुकानीं मिळूं लागलें, आणि १९३३ च्या आरंभीं आठवड्याला एक कोटि कोडीं खपत असल्याचें या खेळाचा इतिहास लिहिणारे सांगतात. ज्यांना विकत घेणें परवडेना ते एकेका रात्रीपुरतें भाड्यानें नेत. काम गेलेल्या कांहीं कारागिरांनीं तर घरींच करवत चालवून लांकडी कोडीं कापलीं आणि त्यांवर संसार रेटला. बेकार मनुष्याला असल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांत काय सुख लाभत असेल, असा प्रश्न सुखवस्तु लोक उपहासानें विचारतात. आम्हांस त्यांत उपहासाचें कांहीं दिसत नाहीं. ज्याच्या हातचें एकही काम शेवटास जात नाहीं त्याला शेवटास जाणारें एखादें तरी काम हवें असतें.

त्याच काळाच्या मागोमाग, १९४१ सालीं, ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ हा चित्रपट आला. त्यांत केनची दुसरी पत्नी सुझन त्या अवाढव्य वाड्याच्या दिवाणखान्यांत, आंत माणूस उभा राहील एवढ्या शेकोटीसमोर बसून, चित्रामागून चित्र जुळवीत असते. टेबलावरील चित्र बदललें कीं दिवस गेले, एवढीच तेथें काळ सरल्याची खूण. शेकोटी प्रचंड आहे, परंतु ऊब नांवाला नाहीं. आणि नवराबायको बोलतात तीं एवढ्या अंतरावरून कीं शब्दांचा प्रतिध्वनि ऐकूं यावा. जिगसॉमध्यें म्हणून जी ऊब सांगितली जाते ती पुठ्ठ्यांत भरून येत नाहीं, याचें याहून स्पष्ट प्रमाण आमच्या पाहण्यांत नाहीं. ती कोठून येते हा या लेखाचा प्रश्न आहे, आणि आमच्या दोन लेखकांनीं त्याचीं दिलेलीं उत्तरें एकमेकांशीं जुळत नाहींत.

ड्रॅबलबाईंच्या पुस्तकाकडे आधीं वळतों. जिगसॉचा एक लहानसा इतिहास लिहावा एवढ्याच बेतानें त्यांनीं आरंभ केला होता. पति मायकेल होलरॉइड यांच्या मोठ्या आजारपणाच्या दिवसांत मन गुंतवून ठेवणारें एखादें निरुपद्रवी काम त्यांना हवें होतें. परंतु इतिहास लिहितां लिहितां त्यांची फिल मावशी पुस्तकांत शिरली, आणि ती शिरल्यावर पुस्तक इतिहासाचें राहिलें नाहीं. ही मावशी शाळेंत शिकवीत असे. तिनें लग्न केलें नाहीं. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर लाँग बेनिंग्टन या गांवीं ‘ब्रिन’ नांवाचें घर होतें. तेथें भाच्यांनीं सुट्टींत जावयाचें आणि मावशीबरोबर चित्रें जुळवावयाचीं, असा परिपाठ होता. आधीं कडा लावाव्या, मग आंत शिरावें, हा धडा मावशीनें दिलेला. मुली मोठ्या झाल्या, त्यांपैकीं ही एक प्रसिद्ध कादंबरीकार झाली, मावशी म्हातारी झाली, तरी दोघींचा हा खेळ सुटला नाहीं. म्हाताऱ्या माणसाशीं काय बोलावें हा प्रश्न ज्यांना पडलेला आहे (आणि तो कोणास पडत नाहीं?) त्यांनीं हीं पानें अवश्य वाचावीं.

या पुस्तकांतील एक विचार आम्हांस फार खरा वाटला. कादंबरीकाराच्या कामाला चौकट नसते. कोठें आरंभ करावा, कोठें थांबावें, काय गाळावें, याचें उत्तर कोणी डब्याच्या झांकणावर छापून दिलेलें नसतें. जिगसॉला चार कडा असतात. त्याचें उत्तर आहे, आणि तें एकच आहे. शिवाय त्यांत शब्द नसतात. जन्मभर शब्दांशीं झटणाऱ्या आणि अधूनमधून खिन्नतेनें ग्रासल्या जाणाऱ्या लेखिकेला ही विश्रांति केवढी वाटत असेल, हें लिहिण्याचा धंदा करणाऱ्यांस वेगळें सांगावयास नको. पुस्तक म्हणून माप घ्यावयाचें तर मात्र आमची तक्रार आहे. हंसाच्या सोंगट्यांचा जुना युरोपीय खेळ, रोमन लोकांचें दगडी तुकड्यांचें काम, मुलांच्या पुस्तकांचा इतिहास, पदार्थसंग्रहालयें, असा जो जो तुकडा ग्रंथालयांत हातीं लागला तो तो बाईंनीं टेबलावर आणून ठेवला आहे. त्यांतले पुष्कळ दुसऱ्याच डब्यांतले आहेत. कडा सुंदर जुळल्या आहेत, मावशीचें घर तर आपण आंत जाऊन बसावें इतकें पुरें झालें आहे. मधलें आकाश मात्र बरेंच मोकळें राहिलें. पतीच्या आजाराविषयीं त्या फार थोडें बोलतात. कित्येकांना ही उणीव वाटेल. आम्हांस ती या पुस्तकाची सभ्यता वाटली. मन जेथें जाऊं नये म्हणून हा सारा खटाटोप, तेथें पुस्तकानें तरी कां जावें?

आतां पेरेक यांच्याकडे येऊं. त्यांच्या कादंबरीच्या नांवाचा अर्थ ‘आयुष्य : वापरण्याच्या सूचना’ असा करतां येईल. पॅरिसमधील एका काल्पनिक रस्त्यावरचें एक मोठें भाड्याचें घर, आणि १९७५ सालच्या जून महिन्याच्या २३ तारखेची संध्याकाळ. आठ वाजावयास थोडा अवकाश आहे. एवढ्या एका क्षणांत प्रत्येक खोलींत कोण आहे, काय आहे, आणि तेथें पूर्वीं कोण राहून गेलें, याची हकीकत हें पुस्तक सांगतें. घराचा उभा छेद घेऊन त्याचीं दहा गुणिलें दहा अशीं घरें पाडलीं आहेत, आणि बुद्धिबळांतील घोड्याच्या चालीनें लेखक एका घरांतून दुसऱ्या घरांत उडी घेतो. घरें शंभर, प्रकरणें मात्र नव्याण्णव. डाव्या हाताच्या तळच्या कोपऱ्यांतील एक घर त्यांनीं मुद्दाम गाळलें आहे. म्हणजे या पुस्तकरूपी कोड्याचाही एक तुकडा हरवलेलाच आहे.

या घरांतील बार्टलबूथ नांवाच्या धनाढ्य इंग्रजानें आपल्या सबंध आयुष्याचा एक बेत आंखलेला आहे. दहा वर्षें त्यानें जलरंगांत चित्र काढण्याचा अभ्यास करावयाचा. नंतर वीस वर्षें पृथ्वीपर्यटन करून दर पंधरवड्यास एक याप्रमाणें पांचशें बंदरांचीं चित्रें काढावयाचीं. प्रत्येक चित्र पॅरिसला गास्पार विंक्लर नांवाच्या कारागिराकडे पाठवावयाचें; त्यानें तें फळीवर चिकटवून त्याचे साडेसातशें तुकडे करावयाचे. परत आल्यावर पुढील वीस वर्षें बार्टलबूथनें तीं चित्रें त्याच क्रमानें जुळवावयाचीं. जुळलेलें चित्र फळीवरून अल्लद सोडवून, ज्या बंदरीं तें काढलें तेथेंच नेऊन अशा द्रावणांत बुडवावयाचें कीं रंग धुऊन जावेत आणि हातीं कोरा कागद यावा. पन्नास वर्षांचा उद्योग आणि शेवटीं शिल्लक कांहीं नाहीं! आपल्याकडील वाचकाला येथें वैराग्याची आठवण होईल. परंतु वैराग्यांत अहंकार गळावयाचा असतो. येथें त्याच अहंकारानें कोरेपणाचेंही वेळापत्रक केलेलें आहे.

आणि तें वेळापत्रक मोडतें. विंक्लरनें तुकडे कापतांना असे फसवे आकार योजिले आहेत कीं, जुळविणाऱ्याची बुद्धि ज्या वाटेनें जाईल त्या वाटेवर खड्डा असावा. बार्टलबूथची दृष्टि जाते. काम मागें पडत जातें. आणि त्या २३ जूनच्या संध्याकाळीं, चारशें एकोणचाळीसाव्या कोड्यासमोर बसलेला असतांनाच तो मरतो. चित्रांत एकच जागा रिकामी आहे, इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराची. त्याच्या बोटांत उरलेला तुकडा ‘डब्ल्यू’च्या आकाराचा. विंक्लर स्वतः दोन वर्षांपूर्वींच वारलेला आहे. ‘डब्ल्यू’ हें त्याच्या नांवाचें आद्याक्षर. मेलेल्या माणसानें जिवंत माणसाचा घेतलेला इतका थंड सूड आम्हीं दुसऱ्या कोणत्याही कादंबरींत वाचलेला नाहीं.

पेरेक यांचा जन्म १९३६ चा. बाप १९४० सालीं लढाईंत पडला. आई ज्यू म्हणून १९४३ सालीं पकडून आउश्विट्झला नेली गेली, ती परत आली नाहीं. ‘डब्ल्यू’ याच अक्षराच्या नांवाचें त्यांचें एक पुस्तक १९७५ सालीं निघालें. त्यांत त्यांच्या आठवणींतले उरलेसुरले तुकडे एका कल्पित कथेच्या शेजारीं मांडलेले आहेत, आणि त्या कथेच्या निवेदकाचें नांवही गास्पार विंक्लर हेंच आहे. लेखकाचें चरित्र हातीं धरून त्याचें पुस्तक उलगडण्याची जी पद्धति हल्लीं फार बोकाळली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. तरी ज्याच्या जन्माचें चित्र पुरें होण्याची शक्यताच कोणीं ठेवली नाहीं, त्याला न जुळणारा तुकडा हा नुसता कल्पनेचा चमत्कार वाटत नसणार, एवढें म्हटल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

कादंबरी म्हणून हें पुस्तक ड्रॅबलबाईंच्या पुस्तकाहून कितीतरी थोर आहे, यांत वादच नाहीं. वाद आहे तो त्याच्या उपोद्घाताशीं. तेथें पेरेक यांनीं या खेळाचें जणूं शास्त्रच सांगितलें आहे. (तोच मजकूर पुढें चव्वेचाळीसाव्या प्रकरणांत पुन्हां येतो, लेखकास तो किती महत्त्वाचा वाटला हें त्यावरून दिसावें.) त्यांचा सिद्धान्त असा कीं, जिगसॉ हा दिसावयास एकट्याचा खेळ, पण वस्तुतः एकट्याचा नव्हे, जुळविणारा जी जी हालचाल करतो ती ती कापणाऱ्यानें आधींच ताडलेली असते. म्हणूनच यंत्रानें कापलेल्या पुठ्ठ्याच्या कोड्यांस ते कलेच्या प्रांतांत पाऊल ठेवूं देत नाहींत. त्यांचे काप आंधळे, त्यांमागें कोणाचा हेतु नाहीं. हातानें, हेतुपूर्वक कापलेलें लांकडी कोडें तेवढें खरें.

कादंबरीपुरता हा सिद्धान्त सर्वस्वीं खरा आहे; त्यावांचून विंक्लर उभाच राहिला नसता. खेळापुरता मात्र तो आम्हांस खोटा वाटतो, आणि याचें कारण शोधावयास आम्हांस ग्रंथालयांत जावें लागलें नाहीं. पुतण्याच्या टेबलावरचें कोडें पुठ्ठ्याचेंच होतें. जुन्या वस्तु धर्मादाय विकणारीं दुकानें तिकडे गांवोगांव असतात, त्यांतल्या एकांतून सूनबाईंनीं तें दोन पौंडांस आणलें. चित्र एका बंदराचें, पेरेक वाचीत असलेल्या मनुष्याला बंदर मिळावें हा योगायोगच. गलबतें, डोलकाठ्या, आणि वरच्या निम्म्या भागांत करड्या आकाशाचे चारशें तरी तुकडे. ते कापणाऱ्या यंत्राला आमच्याशीं वैर नव्हतें. त्यानें तोच सांचा एखाद्या मांजराच्या चित्रावर आणि एखाद्या किल्ल्याच्या चित्रावरही दाबला असेल. कोड्यांत अडचण भरपूर होती, पण ती अडचण कोणीं आमच्यासाठीं मांडून ठेवलेली नव्हती. थंडी पडावी तशी ती होती. माणसाला जगांत ज्या अडचणी येतात त्यांत बहुतेक ठिकाणीं कोणाचा तरी हात दिसतो, निदान तो शोधण्याची खोड आपणांस असते: डॉक्टर उशिरां आला, आपण लवकर ओळखलें नाहीं, अमक्यानें तसें करावयास नको होतें. करड्या आकाशाच्या तुकड्यानें असला कोणताच प्रश्न उत्पन्न होत नाहीं. तो बसत नसेल तर बसत नाहीं. बाजूला ठेवून दुसरा घ्यावा. ज्याला पेरेक आंधळेपणा म्हणतात तो आम्हांस निरागसपणा वाटतो, आणि दुःखी माणसाच्या हातीं द्यावयाची तर अशीच निरागस अडचण द्यावी.

पेरेक यांच्या टेबलाशीं खुर्ची एकच आहे, ही आमची दुसरी तक्रार. कापणारा आणि जुळविणारा असे दोघेजण ते मोजतात, पण ते दोघे एका खोलींत कधींच नसतात. आम्हीं पाहिलेल्या घरांतून हा खेळ असा खेळला जात नाहीं. चहाचा पेला हातीं घेऊन कोणी जातां जातां थांबतो, उभ्याउभ्याच दोन तुकडे बसवितो आणि आपल्या कामाला निघून जातो. मूल येतें, एक तुकडा दामटून चुकीच्या जागीं बसवितें आणि विजयी मुद्रेनें पळतें. तो रात्रीं कोणीतरी गुपचुप काढून ठेवतें. शेजारीं बसलेल्या दोन माणसांचे डोळे एकमेकांकडे नसून टेबलाकडे असतात, त्यामुळें बोलावेंच असें बंधन नाहीं, आणि बोललेंच तर तें तोंडावर बोलल्यासारखें होत नाहीं. पत्त्यांत डाव असतो, जिंकणें-हरणें असतें. वाचनांत प्रत्येकजण आपापल्या पुस्तकांत. मुकेपणानें एकत्र बसण्याची मोकळीक देणारे खेळ थोडे. ब्रिनमधील मावशी-भाची हें जाणून होत्या. ड्रॅबलबाईंच्या पुस्तकाची बांधणी सैल असूनही या एका बाबतींत आमचा कौल त्यांच्याकडे पडतो.

वहिनी त्या दिवसांत फारशा बोलत नसत. विचारलें तर उत्तर देत, तेवढेंच. पुतण्यानें पहिले चार दिवस कडा जुळवून पुऱ्या केल्या. आम्ही पेरेक मिटून त्याला मदत करीत असूं. पांचव्या संध्याकाळीं वहिनी स्वयंपाकघरांतून येऊन टेबलाशीं उभ्या राहिल्या. आम्ही एक करडा तुकडा घेऊन आकाशांत फिरवीत होतों. बराच वेळ त्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, तें आकाश नव्हे. शीड आहे तें.” तें शीडच होतें. दुसऱ्या दिवशीं त्या खुर्ची ओढून बसल्या. तिसऱ्या दिवशीं, तुकडे रंगावार लावतां लावतां, कोणाकडेही न पाहतां म्हणाल्या, “ह्यांनीं आधीं सगळे मोजून घेतले असते.” आमचे बंधु जन्मभर हिशेबनीस होते, तेव्हां हें अगदीं खरें होतें. त्यांचें नांव निघाल्याला चार महिने होऊन गेले होते. आम्हीं कांहींच बोललों नाहीं. पुतण्यानें एक तुकडा त्यांच्याकडे सरकविला.

आमच्या विद्वान मित्रांचा मुख्य आक्षेप अजून उरलाच आहे. ते म्हणतात, यांत निर्मिति कोठें आहे? आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे तुकडे घेऊन गोधडी शिवीत, त्यांतही तुकडेच होते, पण तें चित्र त्यांच्या हातून पहिल्यानेंच जन्मास येई. येथें दुसऱ्यानें केलेलें चित्र मोडावयाचें आणि पुन्हां होतें तसें करावयाचें. आक्षेप बिनतोड आहे, आणि आम्ही तो खोडूं इच्छीत नाहीं. जिगसॉ ही कला नव्हे. तें फार तर वाचनाच्या जवळचें आहे. वाचकही दुसऱ्यानें पुरें केलेलें चित्र एकेका शब्दानें आपल्या मनांत पुन्हां उभें करतो, आणि लेखकानें आधींच लिहून ठेवलें आहे म्हणून वाचणें व्यर्थ, असें कोणी म्हणत नाहीं. फरक एवढाच कीं चांगलें पुस्तक दुसऱ्या वाचनीं निराळें होतें. पेरेक यांचेंच आम्हांस या खेपेस झालें. बंदराचें चित्र दहादां जुळविलें तरी तें बंदरच. या खेळावर याहून मोठा भार टाकूं नये. तो एका हिंवाळ्यापुरता आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत चित्र पुरें झालें, म्हणजे व्हावयास पाहिजे होतें. आकाशांत, डोलकाठीच्या थोड्या वर, एक तुकडा कमी भरला. टेबलाखालीं, गालिच्याखालीं, केर काढण्याच्या यंत्राच्या पिशवींत, सर्वत्र पाहून झालें. पेरेक यांच्या वाचकानें या भोकाकडे पाहून अंगावर शहारा आणावयास हवा होता, परंतु खरें सांगावयाचें तर आम्हां सर्वांना हंसूंच आलें, आणि त्यांत वहिनींचेंही होतें. पुतण्या म्हणाला, पुठ्ठा कापून करडा रंग देऊन बसवून टाकूं. वहिनी नको म्हणाल्या. दोन दिवस चित्र तसेंच टेबलावर राहिलें. मग त्यांनींच तें मोडलें, तुकडे पांच-पांच करून दोनदां मोजले आणि डब्यांत भरले. डबा त्याच दुकानीं परत द्यावयाचा होता. पुढच्या घेणाऱ्याची फसगत होऊं नये म्हणून त्यांनीं पेन मागून झांकणाच्या कोपऱ्यांत लिहिलें : ‘९९९ आहेत. एक आकाशाचा नाहीं.’ तें तेथें कोणास वाचतां येणार, असें सूनबाई म्हणाल्या, तेव्हां पुतण्यानें त्याखालीं तेंच इंग्रजींत लिहिलें.